रहस्यकथा, आत्मकथन, अध्यात्म : वाचक विट्गेन्स्टाइनची मते

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला स्थान असते, ग्रंथाला असते, आणि आस्वादविषयक अभ्यासांचा विस्तार झाल्यापासून वाचकवर्गालाही ते मिळू लागले आहे. एकट्यादुकट्या वाचकाच्या वाट्याला मात्र ते क्वचितच येते. त्याने पत्रातून कळविलेली, फिरायला गेला असता बोलून दाखविलेली, भेट दिलेल्या पुस्तकासोबतच्या चिठ्ठीत खरडलेली मते समीक्षा या संज्ञेला पात्र ठरत नाहीत. ती सुटी असतात, कारणे न देता मांडलेली असतात आणि पुष्कळदा एकमेकांशी विसंगतही असतात. तरीही एकाच वाचकाची अशी मते जवळजवळ चाळीस वर्षांच्या कालावधीतून उपलब्ध असतील, आणि ती परस्परांपासून दूरचे मानल्या गेलेल्या वाङ्मयप्रकारांविषयी असतील, तर अभिरुचीच्या इतिहासाला त्यांच्यातून काही हाती लागते का, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही.

लुडविग विट्गेन्स्टाइन (१८८९–१९५१) हा असा एक वाचक होय. तत्त्वज्ञ म्हणून त्याच्यावर अमाप लिहिले गेले आहे. साहित्यसमीक्षा म्हणावी असे त्याने स्वतः काहीही लिहिलेले नाही. परंतु अमेरिकन रहस्यकथा, आत्मपर लेखन आणि धार्मिक-आध्यात्मिक ग्रंथ या तीन प्रकारांविषयी तो आयुष्यभर बोलत आणि लिहीत राहिला. या तीन प्रकारांच्या त्याच्या वाचनाची दखल अभ्यासकांनी तीन वेगळ्या दालनांत घेतली आहे. रहस्यकथांची आवड ही विक्षिप्तपणाची गमतीदार गोष्ट म्हणून सांगितली जाते, संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’चा विचार भाषेच्या तत्त्वज्ञानाच्या संदर्भात होतो, टॉल्स्टॉयचा उल्लेख चरित्रातील युद्धकाळाच्या प्रकरणात येतो. हे तीन कप्पे त्या वाचकाने पाडलेले नाहीत. ते नंतरच्यांनी पाडले आहेत, आणि ते बाजूला सारले तर या सर्व मतांच्या मुळाशी एकच कसोटी असल्याचे दिसू लागते.

साधनांविषयी थोडे आधीच स्पष्ट केले पाहिजे. विट्गेन्स्टाइनची वाचकमते मुख्यतः दोन मार्गांनी पोहोचली आहेत : त्याची पत्रे, आणि मित्रांनी लिहिलेल्या आठवणी. नॉर्मन माल्कम या अमेरिकन शिष्याने लिहिलेले स्मृतिचित्र १९५८ साली प्रसिद्ध झाले. पाउल एंगेलमान या वास्तुविशारद मित्राने जपलेली पत्रे आणि आठवणी १९६७ मध्ये आल्या. पुढे डब्लिनमध्ये मनोविकारतज्ज्ञ झालेल्या मॉरिस ड्रुरीने संभाषणांची टिपणे ठेवली होती. आणि हस्तलिखितांतील सांस्कृतिक स्वरूपाच्या नोंदींचे संकलन १९७७ साली प्रकाशित झाले. रे मंकच्या १९९० मधील चरित्रात या सर्वांचा उपयोग केलेला आहे. म्हणजे आत्मपर लेखनाबाबत अत्यंत कडक असलेल्या या वाचकाची मते बऱ्याच अंशी इतरांच्या आत्मपर लेखनातूनच कळतात. यातील पत्रांचे प्रामाण्य अधिक मानावे, संभाषणांच्या आठवणींचे थोडे कमी. हा भेद पुढील विवेचनात गृहीत धरला आहे.

या इतिहासाचा आरंभ १९१२ च्या उन्हाळ्यात होतो. केंब्रिजमध्ये नव्याने आलेला हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी बर्ट्रंड रसेलला जून महिन्यात कळवितो, की सवड मिळेल तेव्हा तो विल्यम जेम्सचे ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ वाचतो आहे आणि ते त्याला फार हितकारक वाटते. आपण लवकरच संत होऊ असे नव्हे, परंतु ज्या दिशेने सुधारावे असे वाटते त्या दिशेने थोडी सुधारणा होत असावी, असा त्या पत्राचा आशय आहे. गटेच्या ‘फाउस्ट’च्या दुसऱ्या भागात मानवी मनाला ग्रासणारी जी चिंता येते, तिच्यापासून सुटायला हे पुस्तक मदत करते, असेही तो म्हणतो. १९०२ साली ग्रंथरूप झालेली जेम्सची ही व्याख्याने धर्मशास्त्राचा ग्रंथ नाहीत. ती माणसांनी स्वतःच्या धार्मिक अनुभवांविषयी लिहून ठेवलेल्या निवेदनांवर उभी आहेत; पानापानांवर कोणाचे तरी आत्मकथन उद्धृत झालेले आहे. अध्यात्मग्रंथ आणि आत्मकथन हे दोन प्रकार या वाचकापाशी प्रथमपासूनच एकत्र आले होते, ते असे. पुढे १९३० मध्ये ड्रुरीशी बोलताना जेम्स चांगला तत्त्वज्ञ का, याचे त्याने दिलेले कारण असे की तो खराखुरा माणूस होता. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना हे कारण कितपत पटले असते, हा भाग निराळा.

त्याच उन्हाळ्यात रसेलला पाठविलेल्या आणखी एका पत्रात टॉल्स्टॉयच्या ‘हाजी मुराद’ची शिफारस आहे. कॉकेशसमधील एका बंडखोर सरदाराची ही कथा टॉल्स्टॉयच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तीत उपदेश नाही. घोडे आहेत, छापे आहेत, विश्वासघात आहे, आणि शेवटी हाजी मुरादचे छाटलेले शिर आहे. हीच कादंबरी तेहेतीस वर्षांनंतर त्याने माल्कमला वाचायला दिली. आवडीतले हे सातत्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने दाखल झाल्यावर, सप्टेंबर १९१४ मध्ये गॅलिशियातील टार्नुफ या गावी त्याने टॉल्स्टॉयचे ‘द गॉस्पेल इन ब्रीफ’ विकत घेतले. त्यानंतर ते पुस्तक सतत जवळ बाळगल्यामुळे बरोबरचे सैनिक त्याला शुभवर्तमानवाला म्हणून ओळखू लागले, अशी आठवण आहे. जुलै १९१५ मध्ये इन्सब्रुकच्या लुडविग फॉन फिकर या संपादकाला लिहिताना, या पुस्तकाने आपल्याला त्या काळात जवळजवळ जिवंत ठेवले, असे तो सांगतो. टॉल्स्टॉयने या ग्रंथात चारही शुभवर्तमाने एकत्र करून बारा प्रकरणांची एकच कथा रचली. चमत्कार गाळले, पुनरुत्थान गाळले, आणि उरली ती एका माणसाची शिकवण व त्याचे मरण.

या जागी एक भारतीय संदर्भ आपोआप येतो. दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात ज्या पुस्तकांनी मनावर खोल परिणाम केला, त्यांत गांधीजींनी आपल्या आत्मकथेत टॉल्स्टॉयच्या याच ग्रंथाचे नाव घेतले आहे. एकाच पुस्तकाचे हे दोन वाचक. एकाने त्यातून सार्वजनिक आचरणाची दिशा घेतली, दुसऱ्याने तोफखान्याच्या निरीक्षणचौकीवर एकटे राहण्याचे बळ घेतले. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध आला नाही, आणि प्रभावाच्या रूढ नकाशात त्यांना जोडणारी रेघ काढता येत नाही. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे तेच एक पुस्तक, आणि त्या पुस्तकापुढे दोघांनी विचारलेला एकच प्रश्न : याप्रमाणे जगता येईल काय?

युद्धकाळातच एंगेलमानने त्याला उलांड या जर्मन कवीची एक साधी कथात्मक कविता पाठविली. एका सरदाराने धर्मयुद्धाहून परतताना आणलेली काटेरी झाडाची डहाळी आणि म्हातारपणी त्या झाडाखाली बसलेला तो सरदार, एवढाच तिचा विषय. एप्रिल १९१७ मधील उत्तरात विट्गेन्स्टाइनने जे लिहिले, ते पुढे फार चर्चिले गेले. जे उच्चारता येत नाही ते उच्चारण्याचा खटाटोप केला नाही तरच ते हरवत नाही. जे उच्चारले आहे त्याच्या पोटात ते अनुच्चारितपणे राहते, असा त्याचा मथितार्थ. एका किरकोळ कवितेच्या निमित्ताने केलेले हे विधान पुढे त्याच्या पहिल्या तत्त्वग्रंथाचा कणा ठरले. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की ते प्रथम एका वाचकाचे मत होते.

युद्धानंतर आपली अफाट वडिलोपार्जित संपत्ती भावंडांना देऊन टाकून हा मनुष्य खालच्या ऑस्ट्रियातील ट्राटनबाख या खेड्यात प्राथमिक शिक्षक झाला. तेथून ऑक्टोबर १९२१ मध्ये एंगेलमानला लिहिलेल्या पत्रात रवींद्रनाथांच्या एका नाटकाविषयीचे मत आहे. १९१० साली बंगालीत लिहिलेले ‘राजा’ हे नाटक क्षितीशचंद्र सेन यांनी इंग्रजीत आणले आणि १९१४ मध्ये ते ‘द किंग ऑफ द डार्क चेंबर’ या नावाने, रवींद्रनाथांचेच भाषांतर असल्याप्रमाणे, प्रसिद्ध झाले. त्या इंग्रजीवरून झालेले जर्मन भाषांतर विट्गेन्स्टाइनच्या हाती आले होते. ते वर्ष रवींद्रनाथांच्या युरोपीय लोकप्रियतेच्या कळसाचे होते. जर्मन भाषिक प्रदेशात त्यांच्या व्याख्यानांना प्रचंड गर्दी होत होती. या वाचकाचे मत मात्र थंड होते, अक्षरशः थंड. कारण या नाटकातले शहाणपण बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखे वाटते, अशीच उपमा त्याने वापरली. हे सारे लेखकाने स्वतःच्या अनुभवातून न मिळविता वाचून-ऐकून मिळविले असावे, असा संशय त्याने व्यक्त केला. सत्याने झपाटलेल्या माणसाचा सूर, जो त्याला इब्सेनमध्ये ऐकू येई, तो त्याला येथे ऐकू आला नाही. मात्र त्याच पत्रात त्याने एक दार उघडे ठेवले : दोष भाषांतराचाही असू शकेल, आपल्याला ओलांडता न येणारी दरी त्याने निर्माण केली असेल.

हे मत फार दिवस टिकले नाही. थोड्याच काळात लुडविग हेन्झेल या मित्राला त्याने कळविले, की ते नाटक पुन्हा वाचले, या वेळी अधिक आनंद झाला, आणि त्यात खरोखर काहीतरी भव्य आहे. मतांतराचे कारण त्याने दिलेले नाही. ते युरोपीय अध्यात्माच्या भुकेत शोधणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. त्या भुकेचा जोर तर पहिल्या वाचनाच्या वेळीही तितकाच होता. पुढे १९२७ नंतर मॉरिट्स श्लिक व त्याच्या वर्तुळातील काही सदस्यांबरोबरच्या बैठकींत तत्त्वज्ञानावर बोलण्याऐवजी विट्गेन्स्टाइन कधीकधी श्रोत्यांकडे पाठ करून कविता वाचून दाखवी, आणि त्या रवींद्रनाथांच्या असत. अतींद्रिय विधानांना अर्थशून्य ठरविणाऱ्या तत्त्वज्ञांची ती मंडळी, आणि त्यांनी ज्याला आपला अध्वर्यू मानले तो भिंतीकडे तोंड करून एका बंगाली कवीचे शब्द वाचतो आहे, हा प्रसंग विसाव्या शतकाच्या विचारेतिहासात पुष्कळदा सांगितला जातो. त्याचा अर्थ सहसा विनोदाच्या अंगाने लावला जातो. पाठ फिरवण्याच्या कृतीला या वाचकाच्या लेखी स्वतंत्र अर्थ होता, तो पुढे येईलच.

आत्मपर लेखनाविषयीची त्याची मते तिसऱ्या-चौथ्या दशकात आकाराला आली, आणि ती त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील एका प्रकरणापासून वेगळी काढता येत नाहीत. १९२९ च्या सुमारास आत्मचरित्र लिहिण्याचा विचार त्याच्या टिपणवह्यांत डोकावतो. तो पार पडला नाही. त्याऐवजी १९३६ च्या अखेरीस व १९३७ च्या आरंभी त्याने एकेका मित्राला गाठून कबुलीजबाब दिला. त्यात एक प्रसंग ऑटरथाल येथील शाळेतला होता : वर्गातल्या एका मुलीला त्याने मारले होते आणि चौकशी झाली तेव्हा ते नाकारले होते. या कबुलीनंतर तो ऑस्ट्रियातील त्या खेड्यात परत गेला आणि ज्या मुलांना इजा केली होती त्यांच्या घरी जाऊन त्याने क्षमा मागितली. कबुलीजबाब ऐकावा लागलेल्यांपैकी फानिया पास्कल या बाईंनी पुढे आपल्या आठवणींत त्या भेटीचे अवघडलेपण लपविलेले नाही. ऐकणाऱ्याला हे सारे नको होते. पश्चात्तापातही कर्त्याचा अहंकार उरतो, हे त्या आठवणी वाचताना जाणवते, आणि स्वतः विट्गेन्स्टाइनलाही ते ठाऊक असावे. १९३७ मधील एका नोंदीत तो म्हणतो, की स्वतःविषयी लिहिताना माणूस आपल्या मूळ उंचीवरूनच लिहितो. तेथे पायांखाली उंच काठ्या किंवा शिडी घेता येत नाही, उघड्या पायांनी उभे राहावे लागते.

ही कसोटी लावल्यावर फार थोडी आत्मकथने टिकतात, आणि त्याने टिकविली तीही थोडीच. ऑगस्टिनचे ‘कन्फेशन्स’ हे कदाचित आजवर लिहिले गेलेले सर्वांत गंभीर पुस्तक आहे, असे तो ड्रुरीला म्हणाला. मृत्यूनंतर १९५३ साली निघालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथाचा प्रारंभ त्यातील एका लॅटिन उताऱ्याने होतो. त्या उताऱ्यातील भाषाविषयक कल्पना खोडून काढण्यासाठी तो घेतलेला असला, तरी एवढ्या थोर मनाला जी कल्पना पटली ती महत्त्वाची असलीच पाहिजे, हे निवडीमागचे कारण माल्कमने नोंदविले आहे. क्वेकर पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स याची १६९४ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेली रोजनिशी त्याने आदराने वाचली आणि तिची प्रत माल्कमला दिली. सॅम्युएल जॉन्सनच्या ‘प्रेअर्स अँड मेडिटेशन्स’ची प्रत पाठविताना लिहिलेली चिठ्ठी तर या सर्वांत बोलकी आहे. छापील प्रार्थना एरवी आपल्याला वाचवत नाहीत, पण या मानवी वाटल्या, असे तो सांगतो. आणि लगेच पुस्ती जोडतो, की तुला त्या बहुधा आवडणार नाहीत, कारण मी ज्या कोनातून पाहतो त्यातून तू पाहणार नाहीस.

जॉन्सनच्या मृत्यूनंतर, १७८५ मध्ये प्रकाशित झालेल्या या लहानशा पुस्तकात अध्यात्म आणि आत्मकथन यांची सीमारेषा जवळजवळ पुसलेली आहे. इंग्रजी कोशकारांचा हा मेरुमणी दरवर्षी ईस्टरला किंवा वाढदिवसाला देवापुढे तेच ते निश्चय मांडतो : सकाळी लवकर उठेन, वेळ वाया घालवणार नाही, वाचन नियमित ठेवीन. पुढल्या वर्षी पुन्हा तीच यादी. त्या प्रार्थनांत सिद्धान्त नाही, दर्शन नाही. आळसाविरुद्ध हरत आलेल्या एका वृद्धाची चिकाटी आहे. मराठी वाचकाला येथे संतांच्या करुणापर अभंगांची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी अभंग गायनासाठी आणि समूहासाठी आहेत, जॉन्सनच्या प्रार्थना पेटीत ठेवण्यासाठी होत्या. हा फरक लहान नाही.

उलट किर्केगॉरविषयीचे मत पहावे. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत सखोल विचारवंत म्हणून त्याने त्याचा गौरव केला होता. परंतु पुढे पुढे त्याचे लांबण लावणे असह्य होऊ लागले. तेच ते पुन्हा सांगतो आणि वाचताना, ठीक आहे, पटले, आता पुढे चला, असे म्हणावेसे वाटते, अशी तक्रार त्याने ड्रुरीजवळ केली. आदर कमी न होता कंटाळा येणे ही वाचनातली खरी घटना आहे; ती कबूल करणारे समीक्षक थोडे.

रहस्यकथांकडे आता वळता येईल. अमेरिकेतील स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेचे ‘डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन’ १९१५ पासून १९४९ पर्यंत निघत होते. स्वस्त कागदावरच्या, भडक मुखपृष्ठांच्या ज्या मासिकांना तिकडे पल्प म्हणत, त्यांपैकी केवळ गुप्तहेरकथांना वाहिलेले हे आद्य मासिक. विट्गेन्स्टाइन ते वर्षानुवर्षे वाचत होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर माल्कम त्याला अमेरिकेतून अंक पाठवीत असे. १९४५ मध्ये अमेरिकेची युद्धकालीन मदतयोजना बंद झाली तेव्हा त्याने लिहिले, की आपल्याला तिची झळ लागली ती या मासिकांच्या टंचाईतून. अमेरिकेने ती दिली नाहीत तर आम्हीही तिला तत्त्वज्ञान देणार नाही. ही थट्टा झाली. पण १९४८ मधील पत्रात थट्टेखाली दुसरेच काही आहे. ‘माइंड’ हे तत्त्वज्ञानाचे प्रतिष्ठित नियतकालिक आणि स्ट्रीट अँड स्मिथचे मासिक यांची तुलना करून तो म्हणतो, की तत्त्वज्ञानाचा शहाणपणाशी काही संबंध असेल तर त्याचा कण पहिल्यात नाही, दुसऱ्यात मात्र तो कित्येकदा सापडतो. या विधानाला चरित्रकारांनी खट्याळपणा म्हणून सोडून दिले आहे. तसे करणे चुकीचे आहे. तो शब्द अध्यात्मग्रंथांच्या संदर्भातला आहे. रवींद्रनाथांच्या नाटकातले जे त्याला १९२१ मध्ये बर्फाच्या पेटीतून आलेले वाटले, तेही शहाणपणच होते.

जून १९४८ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोनेमारा भागात तो एकटा राहत असताना त्याने नॉर्बर्ट डेव्हिस या अमेरिकन लेखकाची ‘रान्देव्हू विथ फिअर’ ही कादंबरी पुन्हा वाचली. मूळ अमेरिकन आवृत्ती १९४३ मध्ये ‘द माउस इन द माउंटन’ या नावाने निघाली होती. डोअन नावाचा गोलमटोल, निरुपद्रवी दिसणारा गुप्तहेर आणि त्याला जुगारात मिळालेला कार्स्टेअर्स हा अवाढव्य ग्रेट डेन कुत्रा हे तिचे नायक. घटनास्थळ मेक्सिकोतील डोंगरगाव. खून आणि भूकंप दोन्ही आहेत. विट्गेन्स्टाइनने माल्कमला कळविले, की ही गोष्ट दुसऱ्यांदा वाचूनही इतकी आवडली की लेखकाला पत्र लिहून आभार मानावेसे वाटतात. हे वेडेपणाचे वाटले तर आश्चर्य मानू नये, कारण आपण तसेच आहोत. या लेखकाने खूप लिहिले असेल आणि खरोखर चांगले एवढे एकच निघाले तरी आपल्याला नवल वाटणार नाही, असेही त्याने जोडले. माल्कमला लेखकाचा ठावठिकाणा लागला नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, डेव्हिसने आत्महत्या केली. त्याच्या पुस्तकाचा असा एक वाचक होता, हे त्याला कधी कळले नाही.

ड्रुरीच्या आठवणींमुळे या चित्राला एक गाठ बसते. अगाथा ख्रिस्तीची कथानके कल्पक असून पात्रे जिवंत आहेत, अशी स्तुती विट्गेन्स्टाइनने केल्याचे त्याने लिहिले आहे. म्हणजे अमेरिकन मारधाडीच्या कथा आवडतात म्हणून इंग्रजी बैठ्या कोड्यांच्या कथा आवडत नाहीत, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. मात्र कोणी चेस्टर्टनच्या फादर ब्राउनकथा सुचविल्या तेव्हा त्याने नाक मुरडले. कॅथलिक धर्मगुरूने गुप्तहेराचे काम करावे ही कल्पनाच त्याला सोसवेना.

हा नकार विचारात घेण्याजोगा आहे, कारण १९११ पासून ग्रंथरूपाने येऊ लागलेल्या फादर ब्राउनकथा म्हणजे रहस्यकथा आणि धर्मविचार यांचा जाणीवपूर्वक केलेला संकर. अध्यात्म आणि रहस्य दोन्ही आवडणाऱ्या वाचकाला त्या प्रिय व्हायला हव्या होत्या. दुसऱ्या बाजूला, दोस्तोयेव्हस्कीची ‘करामाझव बंधू’ त्याने युद्धकाळात इतक्या वेळा वाचली की झोसिमा या वृद्ध साधूची भाषणे त्याला मुखोद्गत होती. आणि ती कादंबरीसुद्धा पितृहत्येची, तपासाची, चुकीच्या आरोपीला झालेल्या शिक्षेची कथा आहे. मग एक संकर नकोसा आणि दुसरा प्राणप्रिय, असे का? चेस्टर्टनच्या कथेत पापाचे ज्ञान हे गुन्हा उकलण्याचे साधन बनते. श्रद्धा तेथे उपयोगाला येते, जिंकते, शेवटच्या पानावर वाचकाला बजावून सांगितली जाते. दोस्तोयेव्हस्कीत साधू मरतो तेव्हा त्याचे प्रेत कुजू लागते. खुनाचा उलगडा होतो पण न्याय होत नाही. झोसिमाची शिकवण कथेत काहीच सिद्ध करीत नाही. ती फक्त असते.

कसोटीचे शब्द स्वतः या वाचकाने १९४५ मध्ये दिले. ‘हाजी मुराद’ पाठविल्यानंतर माल्कमने टॉल्स्टॉयच्या ‘रिझरेक्शन’चा उल्लेख केला असता त्याने उत्तर दिले, की ती कादंबरी आपण वाचू शकलो नाही, टॉल्स्टॉय नुसती गोष्ट सांगतो तेव्हा तो वाचकाला उद्देशून बोलतो तेव्हापेक्षा अनंतपटींनी प्रभावी असतो. वाचकाकडे त्याची पाठ असते तेव्हा तो सर्वाधिक परिणाम करतो, आणि त्याचे तत्त्वज्ञान कथेत दडलेले असते तेव्हाच सर्वाधिक खरे ठरते, असा त्या पत्राचा आशय आहे. व्हिएन्नातील बैठकीत भिंतीकडे तोंड करून कविता वाचणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत. डेव्हिसच्या कादंबरीत उपदेश संभवतच नाही, जॉन्सन वाचकाशी बोलतच नाही, देवाशी बोलतो, ऑगस्टिनही तसाच. तिन्ही दालनांतील पसंतीची पुस्तके वाचकाकडे पाठ केलेली आहेत.

संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे नवव्या शतकातील आनंदवर्धनाची आठवण होईल. रसाचे नाव घेतल्याने रस निर्माण होत नाही, तो विभावादिकांतून व्यंजित व्हावा लागतो. शृंगार असा शब्द वापरून शृंगाराची प्रतीती होत नाही, हा ‘ध्वन्यालोका’तील युक्तिवाद आणि पुढे स्वशब्दवाच्यतेला दोष मानणारी परंपरा हे सर्व उलांडच्या कवितेवरील पत्राशी विलक्षण जुळते. जुळणी म्हणूनच ती पहावी. विट्गेन्स्टाइनचा या शास्त्राशी परिचय असल्याचे काहीही प्रमाण नाही. शिवाय एक मूलभूत अंतर आहे. आनंदवर्धनासाठी व्यंग्यार्थ ही काव्याची शोभा नव्हे तर आत्मा असली, तरी ती कवीच्या प्रतिभेची सिद्धी आहे. विट्गेन्स्टाइनसाठी तो लेखकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. उपदेश करणारा टॉल्स्टॉय त्याला कलादृष्ट्या सदोष वाटत नाही, उंच काठ्यांवर चढलेला वाटतो.

या कसोटीने काही अन्यायही केला आहे. ‘रिझरेक्शन’मधील तुरुंगाचे आणि न्यायालयाचे चित्रण न वाचताच बाद झाले. स्पष्टपणे वाचकाला संबोधून लिहिलेल्या, अन्यायाची फिर्याद मांडणाऱ्या आत्मकथनांना या दृष्टीत जागा उरत नाही. मराठीतील दलित आत्मकथने ही तर बव्हंशी वाचकाकडे तोंड करून, त्याला प्रश्न विचारीत उभी आहेत, आणि त्यांचे बळ त्या समोरासमोर येण्यात आहे. अतिश्रीमंत घराण्यात जन्मून संपत्ती सोडून देऊ शकणाऱ्या माणसाला मौन जेवढे परवडते, तेवढे सर्वांना परवडत नाही. दुसरीकडे, याच कसोटीमुळे त्याने प्रतिष्ठेची उतरंड निरपवादपणे झुगारली, हेही मान्य केले पाहिजे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांना मराठी वाङ्मयेतिहासांनी किती ओळी दिल्या, हे आठवले म्हणजे डेव्हिसला आभाराचे पत्र लिहू पाहणाऱ्या वाचकाचे वेगळेपण नीट समजते. त्याच्या १९४६-४७ मधील केंब्रिजच्या व्याख्यानांना बसून टिपणे घेणाऱ्यांत के. जे. शहा होते, जे पुढे धारवाडच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत राहिले. भारतीय तत्त्वज्ञानवर्गांत विट्गेन्स्टाइन अशा वाटांनी पोहोचला. मासिके वाचणारा विट्गेन्स्टाइन मात्र त्या वर्गांच्या अभ्यासक्रमात कुठे बसला नसता.

रवींद्रनाथांच्या नाटकाशी असलेला त्याचा संबंध व्हिएन्नापाशी थांबला नाही. पुढे इंग्लंडमध्ये यॉरिक स्मायथीज या शिष्याबरोबर त्याने ‘द किंग ऑफ द डार्क चेंबर’मधील दुसऱ्या अंकाचा इंग्रजी पाठ नव्याने तयार केला. अंधाऱ्या महालातच भेटणारा, कधी उजेडात न दिसणारा राजा. त्याला डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट धरणारी राणी सुदर्शना. आणि न पाहताच त्याला ओळखणारी दासी सुरंगमा, अशी या अंकातील योजना. सुरंगमेच्या बापाचा जुगाराचा अड्डा होता. राजाने त्याला हद्दपार केले, तेव्हा ती संतापाने पेटली होती. मग केव्हातरी, कसे ते न कळता, तो संताप शरणागतीत बदलला. राणी विचारते, हे कधी झाले. दासीला सांगता येत नाही. ती राजाची महती पटवून देत नाही, केवळ स्वतःचे काय झाले ते सांगते. एका कनिष्ठ पात्राच्या तोंडचे हे छोटेसे आत्मकथन म्हणजे अख्ख्या अध्यात्मनाट्याचा गाभा, आणि नव्या पाठासाठी निवडलेला अंक नेमका हाच.

नव्या पाठात त्या दोघांनी केले ते मुख्यतः भाषेचे उतरवणे. सेन यांच्या इंग्रजीतील जुनकट, काव्यात्म भारदस्तपणा काढून तेथे रोजच्या बोलण्याची वाक्ये घातली. १९२१ मध्ये ज्या दरीविषयी शंका घेतली होती ती भाषांतरातच आहे, असा निर्णय बहुधा या कामामागे असावा. दोघांनाही बंगाली येत नव्हते. इंग्रजी पाठाच्या मागे असलेला मूळ सूर केवळ इंग्रजीत ऐकून सुधारण्याचा हा उद्योग धाडसाचा म्हणावा लागतो, आणि मूळ पाठ जाणणाऱ्याने त्याची तपासणी करायची तर ‘राजा’बरोबरच रवींद्रनाथांनी स्वतः १९२० मध्ये केलेले त्याचे संक्षिप्त रूप ‘अरूपरतन’ही समोर ठेवावे लागते, कारण आपल्या नाटकातले शब्द कमी करण्याची गरज तोवर लेखकालाही वाटली होती.